स्पेलिंगराव परदेशी निघाले

दुसऱ्याच्या चुका काढण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाने निवृत्तीनंतर करायचं काय, हा प्रश्न खरं तर त्याच्या बायकोला आधीच पडायला हवा होता. पण ती चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकांवर फ्रेमा बसवत उभी असायची. तिला सवड नव्हती. मग तो प्रश्न त्याने स्वतःच सोडवला, आणि नेहमीप्रमाणे चुकीचा सोडवला.

विमा कंपनीत हे गृहस्थ हेडक्लार्क झाले आणि हेडक्लार्क म्हणूनच बाहेर पडले. मधल्या काळात कमाई म्हणाल तर एक टोपणनाव. रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानाची पाटी चुकलेली दिसली की हे आत शिरून मालकाला स्पेलिंग सांगायचे. न्हाव्याला सांगितलं, छत्रीवाल्याला सांगितलं, दातांच्या डॉक्टरला तर स्वतःच्या तोंडात कापूस कोंबलेला असताना बोटांनी हवेत लिहून सांगितलं. लोक तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ फिरली की स्पेलिंगराव. बायकोला दोन्ही नावं ठाऊक होती. दुसरं तिला जास्त पटायचं.

तर एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून स्पेलिंगरावांनी जाहीर केलं, "मी परदेशात जातोय. गरीब मुलांना इंग्रजी शिकवायला. फुकट!"

'फुकट' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू छातीवर पदकच टाचून घेतलं.

"इथली मुलं संपली का?" बायकोने विचारलं.

"इथल्यांना किंमत नाही गं."

इथल्यांना म्हणजे कुणाला, ते तिला बरोबर कळलं. त्यांनी आयुष्यात एकाच मुलीला इंग्रजी शिकवलं होतं, ती त्यांची स्वतःची. ती वाक्य बोलायला लागली की हे मधेच बोट वर करायचे. पोरगी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, पुन्हा बोट वर. शेवटी ती बापासमोर मराठीसुद्धा अडखळत बोलू लागली. आता नोकरीला दुसऱ्या शहरात होती, आणि आईला फोन करायचा तर दुकानात करायची, घरी नाही. एवढ्यावरही ह्यांचं म्हणणं, पोरीने चिकाटी दाखवली नाही.

तयारी जोरात सुरू झाली. रुंद काठाची टोपी आली, गुडघ्यापर्यंत खिसे असलेली पँट आली, गळ्यात अडकवायची शिट्टी आली. "शाळेत शिट्टी कशाला?" असं बायकोने विचारलं, तर म्हणाले, "तिकडची मुलं जरा रानटी असतात." तिकडचं एकही मूल त्यांनी पाहिलं नव्हतं. रोज आंघोळ झाली की आरशासमोर उभं राहून "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन" म्हणायचे आणि मुलांनी उत्तर द्यावं म्हणून थोडं थांबायचेसुद्धा. जुन्या ऑफिसातल्या मंडळींनी निरोपसमारंभ करून चाकांची मोठी बॅग भेट दिली. त्यांना तरी दुसरं काय हवं होतं? हा माणूस देशाबाहेर जातोय म्हटल्यावर बॅग देणं स्वस्तात पडलं. बायको खुर्चीत बसून ती भाषणं ऐकत होती. एकेक जण ह्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता आणि हे फांद्या मोजत वर वर चालले होते.

पाठवणाऱ्या संस्थेचा प्रशिक्षणवर्ग होता. एका बँकेच्या वरच्या मजल्यावर, लाकडी घडीच्या खुर्च्या टाकलेल्या हॉलमध्ये दर शनिवारी भरायचा. शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून बायको दुकानातून सुट्टी काढून गेली.

प्रशिक्षक बाई उंच होत्या, आवाज मऊ. त्यांनी 'नमस्कार' झाल्यावर एकदम कुणालाच न कळणाऱ्या भाषेत शिकवायला सुरुवात केली. हातात पाण्याचा पेला घेतला, काहीतरी म्हणाल्या, आणि एकेकाला ते पुन्हा म्हणायला लावलं. शिकणाऱ्याला कसं वाटतं ते शिकवणाऱ्याला कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. एक कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी होती. ती चुकली, हसली, परत म्हणाली आणि तिला जमलं. मग पाळी आली स्पेलिंगरावांची.

त्यांनी तोंड उघडलं. काहीतरी बाहेर आलं, पण ते पाणीही नव्हतं आणि पेलाही नव्हता. बाईंनी हळूच पुन्हा सांगितलं. ह्यांचे कान लाल झाले. तिसऱ्यांदा ती कॉलेजातली मुलगी शेजारून कुजबुजत मदत करायला गेली, तर हे तिच्यावर खेकसले, "मला येतं!"

"मग म्हणा ना," बाई म्हणाल्या.

"ही काय भाषा आहे? हिला व्याकरण तरी आहे का?"

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मागे बसलेल्या बायकोला वाटलं, आता तरी काही उजेड पडेल. तिला स्वतःच्याच भाबडेपणाची चीड आली. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून तिचे हात दुखायला आले होते, तरी आशा सुटत नव्हती!

मधल्या सुट्टीनंतर सरावाचा धडा होता. खालच्या बँकेतले दोन पहारेकरी, साफसफाई करणाऱ्या बायका आणि एक लिफ्टवाला असे खरोखर इंग्रजी शिकायला उत्सुक लोक वर आले होते. स्पेलिंगराव फळ्यापाशी उभे राहिले. थोरला पहारेकरी उठून म्हणाला, "आय गो होम येस्टरडे." बोट वर. तो पुन्हा म्हणाला. पुन्हा बोट वर. हॉलमधल्या सगळ्यांदेखत पाच-सहा वेळा त्या पांढऱ्या मिशांच्या माणसाला उठवून-बसवून झालं. शेवटी तो अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, मला ड्युटी आहे," आणि निघून गेला. त्याच्यामागे बायका उठल्या. लिफ्टवाला तेवढा राहिला, कारण त्याला डुलकी लागली होती.

बायको तडक प्रशिक्षक बाईंकडे गेली.

"ह्यांना पाठवू नका."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "अहो, तुम्ही त्यांच्या..."

"बायकोच आहे. म्हणूनच सांगतेय. पोरांचं वाटोळं करतील."

"खरं सांगू का?" बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "ऐनवेळी बरेच जण गळाले आहेत. जाणारा माणूस मिळतोय तर आम्ही सहसा नाही म्हणत नाही."

म्हणजे इथेही तीच गत. परदेशातल्या पोरांच्या पानात जे उरलंसुरलं, ते वाढायचं. बायकोने त्या मऊ आवाजाच्या बाईकडे, गिऱ्हाइकाने परत आणून टाकलेल्या तुटक्या फ्रेमकडे बघावं तसं बघितलं आणि जिना उतरली.

पुढच्या आठवड्यात संस्थेचा फोन आला. तुकडी ठरली होती. स्पेलिंगराव जाणार होते, आणि तुकडीची प्रमुख ती कॉलेजातली मुलगी. त्याच संध्याकाळी तिच्या धड्याला तो पहारेकरी आणि त्या बायका परत येऊन शेवटपर्यंत बसल्या होत्या म्हणे. सगळ्यांनी तिचं ऐकायचं.

फोन ठेवल्यावर स्पेलिंगराव खिडकीशी गेले. मग म्हणाले, "त्या देशाची हवा बरी नाही म्हणतात."

बायकोने ओळखलं, बेत रद्द. ते जाणार नाहीत एवढ्याचाच तिला आनंद झाला होता.

पण दोन दिवसांनी ऑफिसातली तीच मंडळी फळांची टोपली घेऊन दारात हजर. चेहरे असे, जणू घरात कुणी अंथरुणाला खिळलंय.

"वहिनी, तुम्ही कशाला उठलात?" त्यातला एक जण कळवळून म्हणाला. "साहेबांनी सगळं सांगितलं. तुमच्या तब्येतीपायी एवढी संधी सोडली त्यांनी. असा नवरा मिळायला भाग्य लागतं!"

ती दुकानात न्यायचा जेवणाचा डबा हातात घेऊन दारात उभी होती. आयुष्यात तिला सर्दीपलीकडे काही झालं नव्हतं. आतल्या खोलीत खुर्ची करकरली.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मी ठणठणीत आहे. ह्यांना एका पोरीच्या हाताखाली जायचं नव्हतं, म्हणून ते राहिले."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी खोकलं. टोपली आणणाऱ्याला ती ठेवावी की परत न्यावी ते कळेना.

"ठेवा की," ती म्हणाली. "आत आहेत ते. बसा, बोला. इंग्रजीत बोललात तर बरं वाटेल त्यांना."

पाहुण्यांसमोर नवऱ्याला असं उघडं पाडायला तिला इतकी वर्षं का लागली, हे तिचं तिलाच कळेना. पायात चपला सरकवून ती जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर तिने फोन काढला आणि मुलीला लावला. दुकानात पोचेपर्यंत दोघी बोलत होत्या.