कॉफीची चक्की आणि अकराचा फोन

मुलगी नेदरलँड्सला गेली तेव्हा तिचं एस्प्रेसोचं यंत्र आणि कॉफीच्या बिया दळायची चक्की आमच्याकडेच राहिली. कोरोनात तिचं ऑफिस बंद होऊन घरून काम सुरू झालं तेव्हा तिनं दोन्ही वस्तू बंगळुरूहून आणल्या होत्या. ती दोन वर्षं ती आमच्याजवळ, भिलाईत, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये राहिली. बारावीनंतर ती इतके दिवस सलग घरी कधीच राहिली नव्हती.

सकाळी अकराला तिची पहिली मीटिंग संपायची. मग ती स्वयंपाकघरात यायची, मोजून अठरा ग्रॅम बिया दळायची, माझ्यासाठी एक आणि स्वतःसाठी एक असे दोन छोटे कप भरायची आणि ओट्याला टेकून उभी राहायची. मी भाजी निवडत असायचे. त्या दहा मिनिटांत ती मला जे सांगायची, ते तिनं शाळेत असताना कधी सांगितलं नव्हतं. यांना चहाच लागतो, त्यामुळे ती वेळ आम्हा दोघींचीच होती.

गेल्यावरही तिनं बियांचं पार्सल बंद केलं नाही. दर महिन्याला कुरिअरवाला पाव किलोचं पाकीट आणून द्यायचा आणि मी अकरा वाजता एकटीच एक कप करायचे. सवय सुटू नये, एवढंच मनात होतं. ती आली की तिला म्हणता आलं पाहिजे, बस, मी करते.

एका सकाळी चक्कीतून कडकड असा आवाज आला आणि ती नुसतीच फिरत राहिली. बिया वरच्या वर.

"मिक्सर हाये ना घरात," हे म्हणाले. "त्यात कावून नाही पिसत?"

पिसून पाहिलं. थोडं पीठ झालं, थोडे तुकडे राहिले. एस्प्रेसोला ते चालत नाही. पाणी जोरानं येतं, मोठ्या तुकड्यांमधून वाट काढतं आणि पिवळं पाणी कपात पडतं. तो कप मी बेसिनमध्ये ओतला.

दुसऱ्या दिवशी चक्की पिशवीत घालून कॅम्प-१ वस्तीत गेले. तिथल्या बाजारात मिक्सर दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ बसतात. त्यांनी चक्की उघडली, आतलं पोलादी जातं काढून माझ्या हातावर ठेवलं आणि त्याला धरून ठेवणारा प्लास्टिकचा भाग दाखवला. त्याचे दोन दात तुटले होते.

"मोटर अच्छी है, माताजी," ते म्हणाले. "ये पार्ट अब बनता नहीं. दूसरी देख लीजिए."

ते जातं मी तसंच मुठीत धरून परत आले.

मुलीला सांगितलं तर तिनं लगेच मोबाइलवर लिंक पाठवली. काळी, चकचकीत चक्की, फोनवरून चालू होणारी. "आई, हीच घे. मी इथून ऑर्डर करून देते, तुले काहीच करा नाही लागत."

"थांब जरा," मी म्हटलं. "मले पाहू दे."

मी इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, लॅबमध्ये, तीस वर्षं काम केलं. भट्टीत जाणाऱ्या कोकचे आणि सिंटरचे, म्हणजे भाजून गोळा केलेल्या लोहखनिजाचे, नमुने यायचे. एकावर एक चाळण्या रचून ते हलवायचे आणि कोणत्या चाळणीवर किती उरलं ते वजन करून लिहायचं, हेच माझं काम. दाणे सारखे नसले तर भट्टीत हवा नीट फिरत नाही. कॉफीचंही तेच निघालं, याचं मला हसू आलं. मुलीला चक्कीचा रंग आणि बटणं कळत असतील, दाणा मला कळत होता.

मी तीन विक्रेत्यांना विचारलं की आतला प्लास्टिकचा भाग तुटला तर वेगळा मिळेल का. दोघांनी पुन्हा जाहिरातच पाठवली. तिसरा रायपूरचा होता. तो म्हणाला, आमच्या चक्कीत तो भाग धातूचा आहे, आणि जातं, बेल्ट, स्विच सगळं दुकानात ठेवतो, येऊन बघा. भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवरून मी सकाळची लोकल पकडली. घरच्या बियांचं पाकीट आणि कपाटात पडलेली पिठाची बारीक चाळणी सोबत घेतली.

दुकानदारानं चाळणीकडे पाहिलं. त्यानं दोन चक्क्यांवर बिया दळून दिल्या. मी पूड बोटांत चोळली, मग चाळली. त्यातल्या महागड्या चक्कीची पूड चाळल्यावर बरेच जाड कण वर उरले. दुसरी दिसायला ओबडधोबड, एकच बटण, जड इतकी की ती उचलताना दुकानदार वाकला. पण तिची पूड चाळल्यावर वर जवळजवळ काही राहिलं नाही.

"ही उघडून दाखवा," मी म्हटलं. त्यानं चार स्क्रू काढले. आत सगळं साधं, हात पोचेल असं होतं. मी तीच घेतली.

नव्या चक्कीवर आकड्यांची एक कडी आहे, ती फिरवून पूड बारीक की जाड ते ठरतं. आमच्या यंत्रावर कॉफी अठ्ठावीस सेकंदांत उतरली की जमली, असं मुलीचं गणित. पहिल्या दिवशी ती बारा सेकंदांत धो धो उतरली. मी व्हिडिओ कॉल केला. इथले अकरा म्हणजे तिची सकाळ. ती ओल्या केसांनी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती.

"अजून बारीक कर, आई. दोन घर मागे."

दुसऱ्या दिवशी अकराला तिचाच फोन आला; थेंबही उतरेना. तिसऱ्या दिवशी चाळीस सेकंद. कॉफी उतरेपर्यंत आणि मी पूड भरायचं भांडं धुऊन पुन्हा भरेपर्यंत ती बोलत राहायची. तिच्या घरमालकिणीचं मांजर, ऑफिसातली नवी मॅनेजर, गुडघा दुखतो म्हणून सायकल बंद केली आहे. गुडघ्याचं तिनं तोवर सांगितलंच नव्हतं. एका आठवड्यात मला तिच्या घराचा तो कोपरा पाठ झाला.

आठव्या दिवशी बरोबर अठ्ठावीस सेकंदांत, मधासारखी सलग धार उतरली. वर तांबूस साय आली.

"बस, हेच," ती म्हणाली. "आता हा नंबर बदलू नको."

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला नाही. मीही केला नाही. काय सांगणार होते? कॉफी चांगली झाली होती. पुढचे चार दिवस ती चांगलीच होत राहिली. रविवारी नेहमीसारखा फोन आला, यांच्याशी बोलणं झालं आणि तिला बाहेर जायचं होतं.

सोमवारी मी कडी दोन घरं पुढे फिरवली. कॉफी भसकन उतरली. मी तिला फोन लावला. "पाहाय ना, बिघडून राहिली."

"कॅमेरा जवळ ने." ती थोडा वेळ बघत राहिली. "आई, हा नंबर तू बदलला का?"

"हो."

"कावून?"

यंत्राचा पंप थांबला होता. मला खोटं सुचलं नाही. "सगळं बरोबर असलं का तुझा फोन येत नाही," मी म्हटलं.

तिनं फोन टेबलावर टेकवून ठेवला. मग म्हणाली, "मी इथं कॉफी बनवतच नाही, आई. मशीन घ्यायचा विचार केला होता. पण अकेलीसाठी कोण करते एवढं."

मी कडी जाग्यावर आणली आणि पुन्हा बिया घातल्या. "तुले ऑफिस नाही का?"

"जाते उशिरा. तू बनव. मी बसते."

मी कप भरला आणि तिच्यासमोर बसून प्यायले. ती हनुवटीखाली हात घेऊन बघत होती.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा अकराला तिचा फोन येतो, कधी टेबलाशी, कधी ट्रामच्या थांब्यावरून. काही विचारायचं नसलं तरी येतो. दिवाळीला यायचं तिचं ठरलं होतं, सुट्टी मिळाली नाही. आता एप्रिलमध्ये येईन म्हणते. एप्रिलमध्ये इथं अकरा वाजता उन्हानं ओटासुद्धा तापतो, गरम काही नकोसं वाटतं. मी तिला ते सांगितलं नाही. ती आली की मला म्हणायचंच आहे, बस, मी करते.