मोठ्या मायच्या हातचा डबा

नांदेडला बारावीला होते तेव्हा माझा डबा रोज भोकरच्या एसटीनं यायचा. आमच्या भागातल्या अर्ध्या पोरांचा तसाच येतो. गावच्या फाट्यावर घरचं कुणीतरी पिशवी ड्रायव्हरच्या मागं ठेवतं आणि नांदेडच्या स्टँडवर आम्ही पोरंपोरी ढिगातून आपापली उचलतो. माझी पिशवी मोठी माय भरायची. मोठी माय म्हणजे माझी थोरली चुलती. दुपारी तिचा फोन ठरलेला. "जेवलीस का? मीठ बरोबर हुतं का?" अभ्यासाचं तिला काही पडलेलं नसे, मिठाचं तेवढं सांगायचं. मीही फटकळ. खारट असलं तर तोंडावर खारट म्हणायची. ती हसायची. "बरं बाई, उद्या अळणी खा."

त्या दिवशी डबा घेऊन क्लासला गेले. तो उघडायच्या आधीच धाकट्या भावाचा फोन आला, "मोठ्या मायची तब्येत बिघडलीय, लगेच निघ." माणूस गेल्यावर असंच सांगतात, हे मला कुठं ठाऊक? घरात तोवर मी कुणाचं मरण पाहिलंच नव्हतं. येड्यासारखी स्टँडवरून दोन शहाळी घेतली आणि बसमध्ये बसले. घरी पोचले तर अंगणात बायका बसलेल्या. माझ्या हातातली शहाळी बघून एकीनं तोंडाला पदर लावला. तेव्हा कळलं.

सकाळी डबा बसमध्ये ठेवून ती घरी आली, "छातीत कसंतरी होऊन राहिलंय, जरा पडते," म्हणाली आणि पडली ती पडलीच. मी स्टँडवर पिशवी उचलली तेव्हा डबा अजून कोमट होता, आणि ती नव्हती. मला आधी राग आला. रडू नंतर. एवढं सोपं असतं का मरण? मरायच्या आधी माणूस म्हातारं होतं, अंथरूण धरतं, अशी माझी समजूत. हिचे तर केसही पुरते पिकले नव्हते.

दिवस मावळायच्या आत माती झाली. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी-पिठलं आणतात, त्याला कडू घास म्हणतात. दोन घास तरी खावेच लागतात. मोठे बाबा, म्हणजे तिचा नवरा, भिंतीला टेकून बसले होते. ताटाला हात लावीनात. बायका विनवून विनवून थकल्या.

तेवढ्यात माझ्या पिशवीतला डबा शेजारच्या आजीच्या नजरेस पडला. "अगं, ते मयताच्या घरचं रांधलेलं हाय. खात नसत्यात. कुत्र्याला टाकून दे."

माझं डोकंच फिरलं. "केलं तेव्हा ती जित्ती होती! कुणी हात तर लावून बघा." मी डबा छातीशी धरला. मला तो खायचा नव्हता आणि टाकायचाही नव्हता. तसाच ठेवायचा होता, कायमचा.

दिवसभरात पहिल्यांदा मोठे बाबा बोलले. "आण इकडं."

त्यांनी झाकण काढलं. दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा.

"बाबा, ठेवू ना," मी रडत म्हणाले.

"येडे, ठिवून काय करतीस? उद्याच्याला बुरसा येईल. माणूस टिकलं न्हाई, भाकर कुठं टिकंल?"

त्यांनी एक भाकर माझ्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली.

आम्ही दोघं सावकाश जेवलो. शेवटचा तुकडा त्यांनी कितीतरी वेळ बोटांत धरून ठेवला. मग तोही खाल्ला.

चटणी लई खारट झाली होती. तिला सांगावं म्हणून मी मोबाईल हातात घेतला.