स्टुलावरची बशी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्ध्याला डॉक्टरकी शिकत होतो. वॉर्डात आष्टीकडचे एक काका होते. नाव आता आठवत नाही. लहान मेंदूचा रक्तपुरवठा अडला होता. चालताना झोक जायचा, जीभ जडावलेली.

"नाकाला बोट लावा," मी भीतभीत सांगायचो. नाकाजवळ येताच बोट कापायचं आणि गालावर जायचं.

"मांडीवर असला का हात गरीब राह्यते बावा," ते हसत, "काई घ्याले गेलो का मंग नाचते."

एका दुपारी त्यांच्या मुलीचे सासरे भेटायला येणार होते. "व्याह्यासमोर मले चहा पाजू नको," काकांनी बायकोला बजावलं.

व्याही आले, चहा आला. पण काकांनी बशी उचलताच निम्मा चहा सदऱ्यावर सांडला. बायको बशी धरायला पुढे झाली. काकांनी मान खाली घातली.

व्याह्यांनी आपली बशी स्टुलावर ठेवली, हात मागे बांधले, वाकून भुरका मारला.

"हे पाहा, असं बी जमते. ठेवा तुमची बी इथंच."

दोन पांढरी डोकी एका स्टुलावर वाकली.

माझे हात धड आहेत, तरी आजही घरी एकटा असलो की मी चहाची बशी स्टुलावर ठेवतो आणि हात मागे बांधून वाकतो.