खुराड्यातलं आडवं लाकूड

कोंबडी जिथे झोपते तिथेच हगते. सदाशिव पेठेत राहिले असते तर हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नसतं, आणि निघालं असतं तर आईने चूळ भरायला पाठवलं असतं. पण मी लग्न करून धायरीत आले, इथेच केस पिकवले, आणि गेल्या हिवाळ्यात माझा प्रत्येक दिवस याच वाक्याने उजाडायचा.

आमच्या बंगल्यामागे खुराडं आहे. जमीन गेली, तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या. बैल गेले, गोठ्याच्या जागी गाडी आली. कोंबड्या तेवढ्या राहिल्या, कारण त्या सासूबाईंच्या होत्या. या घरात सासूला आत्या म्हणतात. आत्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की स्वयंपाकघर तुझं, खुराडं माझं. मला काय, सुंठीवाचून खोकला गेला. माझ्या माहेरी अंडं केकमध्ये लपूनच येत असे.

शेजारच्या सोसायटीतल्या बायका गावरान अंड्यांसाठी मागच्या दारी यायच्या. त्यांच्यापुढे आत्यांचा एकच तोरा असायचा, "माझं अंडं पुसावं लागत न्हाई." ते खरं होतं. खुराड्यात भिंतीला लागून पेंढा घातलेली लाकडी खोकी होती आणि खोक्यांच्या वर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, दोन खुंट्यांवर ठेवलेलं एक जुनं जाडजूड लाकूड होतं. सकाळी कोंबड्या खोक्यात शिरून अंडं घालायच्या. दिवेलागणीला एकेक करून त्या लाकडावर चढायच्या आणि ओळीने बसून झोपायच्या. खोकी अंड्यांसाठी, लाकूड झोपेसाठी. रात्रभराची शीट खाली जमिनीवर पडायची आणि आत्या ती राख टाकून झाडून काढायच्या. ही व्यवस्था इतकी सुरळीत चालायची की तिला व्यवस्था म्हणतात हेच मला माहीत नव्हतं.

गणपती उठले आणि आत्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. त्या दवाखान्यात होत्या तेव्हा नवऱ्याने खुराड्याची साफसफाई काढली. त्याचा मार्केट यार्डात गाळा आहे, पहाटे जातो तो दुपार उलटल्यावर येतो. आईसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे असं त्याला वाटत होतं, आणि दवाखान्यात बसून करण्यासारखं काही नव्हतं. त्याने आतून चुना मारला. शिटेने पांढरं झालेलं ते जुनं लाकूड काढलं आणि सिंहगड रस्त्याला हॉटेल काढलेल्या एका मित्राला देऊन टाकलं. त्याला जुन्या वस्तू हव्याच होत्या. लाकडाच्या जागी प्लास्टिकचा पाइप आला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. म्हणाला, नळी लावली की धुऊन निघतो. मीही मान डोलावली. धुऊन निघणाऱ्या वस्तूंबद्दल आमच्या पेठेला पहिल्यापासून आदर आहे.

कोंबड्यांना तो नव्हता. पाइपवर त्यांचा पाय ठरेना. त्या चढायच्या, पंख फडफडवायच्या, घसरायच्या, आणि शेवटी खोक्यांत शिरून झोपायच्या. सकाळी खोक्यातला पेंढा शिटेने चिकट झालेला असे आणि त्यातच अंडी घातलेली असत. अंडं उचललं की बोटं माखायची.

आत्या घरी आल्या. त्यांचा पलंग आम्ही मागच्या खिडकीशी लावला, कारण दुसरीकडे लावला की त्या डाव्या हाताने गादी बडवायच्या. खिडकीतून सरळ खुराडं दिसतं. त्यांच्यासाठी एक बाई ठेवली होती, गोंदियाकडची, मनाने चांगली, हाताने त्याहून चांगली. ती सकाळी आठला यायची. तोवर सगळं माझ्याकडे. आधी आत्यांचं अंथरूण बदलायचं, मग खोक्यांतला पेंढा बदलायचा. दोन ठिकाणची घाण काढून झाली की चहा. मला त्या चहाला कधी चव लागली नाही.

खरी पंचाईत वेगळीच होती. आत्यांनी जेवण टाकलं होतं. पेज तोंडात धरायच्या आणि बाहेर सोडायच्या. डॉक्टर म्हणाले, काहीही खाऊ दे, पण खाऊ दे, नाहीतर नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी घातली की माणूस फार दिवस काढत नाही. एकच गोष्ट त्या घ्यायच्या, घरचं अंडं. पण ते आधी त्यांच्या डाव्या हातात द्यावं लागे. त्या अंगठ्याने ते सगळीकडून चाचपायच्या, आणि मग मी त्यांच्यासमोर उकडायला नेलं की खायच्या. माखलेलं अंडं हातात आलं की बाजूला ढकलायच्या आणि तोंड मिटून घ्यायच्या. मी धुऊन दिलं तरी त्यांना कळायचं. धुतलेल्या अंड्याचा खरखरीतपणा जातो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. विकतचं आणून दिलं तर अंगठा नुसता टेकवून परत केलं. सगळा जन्म ज्या गोष्टीचा तोरा मिरवला, तीच त्यांना रोज सकाळी आम्ही घाण करून देत होतो. त्या वाळत चालल्या होत्या.

म्हणून मी हट्टाला पेटले. संध्याकाळी खोक्यांपुढे गोणपाटं लावली, तर कोंबड्या जमिनीवर कोपऱ्यात एकमेकींवर रचून बसल्या आणि सकाळी तिथेच चिखलात अंडी घालून मोकळ्या झाल्या. एकेकीला उचलून पाइपवर ठेवलं, तर मी पाठ फिरवायच्या आत त्या खाली. नवरा वैतागून म्हणाला, पुढच्या रविवारी सगळ्या खाटकाला देऊ, आईला काय कळतंय आता.

आईला कळत होतं. तिला सांगता येत नव्हतं.

आत्यांना एकच शब्द उरला होता. जू. भूक लागली की जू, दुखलं की जू, कोणी खोलीत आलं की जू. आणि संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरायच्या वेळी, खिडकीकडे बघत, डावा हात उंच करून परत परत, जू, जू. तो हात थकला की डोक्यावर पडायचा आणि तिथेच राहायचा.

गोंदियाच्या बाईने एक दिवस तो हात डोक्यावर पडलेला पाहिला. तिच्याकडे हिंदी आणि मराठी एकाच ताटात वाढलेल्या असतात. ती म्हणाली, "आजी जू जू म्हणून रायल्या ना ताई. डोक्यात झाल्या असतील."

हिंदीतल्या जू, म्हणजे आपल्या उवा. मला ते लगेच पटलं. हल्ली पुण्यात निम्मं बोलणं हिंदीतूनच चालतं, भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, गॅस आणणाऱ्याशी. जन्मात हिंदीचं अक्षर न बोललेल्या बाईला झटक्यानंतर हिंदी शब्द कुठून सुचेल, हा प्रश्न मला पडला नाही. आम्ही फणीने केस विंचरून पाहिले. एकही ऊ निघाली नाही. पण कोंबड्यांच्या लागल्या असतील, त्या बारीक असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. नवऱ्याने कोंबड्यांवर पावडर मारली. आणि आत्यांचे केस कापायचे ठरले.

ते केस कमरेपर्यंत होते. पांढरे, पण दाट. रोज तेल लावून, एका हाताने पिळून त्या बुचडा घालायच्या, आणि झटका आल्यापासून तो बुचडा त्यांना घालता येत नव्हता. खरं बोलायचं तर उवांचं निमित्त झालं. अंथरुणावरच्या माणसाचे लांब केस घरात कोणालाच नको असतात. ओले राहतात, वास येतो, उशीवर गुंतून बसतात. बाईने मशीन आणलं, मी आत्यांचा डावा हात धरून ठेवला. त्यांनी तो सोडवायची शिकस्त केली. मशीन फिरत होतं आणि त्या ओरडत होत्या, जू, जू. बाई त्यांना प्रेमाने समजावत होती की हो हो आजी, निघाल्या सगळ्या. केस जमिनीवर पडले ते मी खराट्याने गोळा केले.

त्यानंतर आत्या खिडकीकडे बघून हात उंच करत राहिल्या. पण हात डोक्याशी पोचला की झटकन मागे घ्यायच्या.

त्याच महिन्यात नवऱ्याच्या मित्राने, त्या हॉटेलवाल्याने, आम्हाला जेवायला बोलावलं. चुलीवरची भाकरी, पिठलं, शेणाने सारवलेल्या दिसणाऱ्या सिमेंटच्या भिंती. भिंतींवर कंदील, पायली, मोट, बैलांच्या घुंगुरमाळा. प्रत्येक वस्तूखाली नावाची पाटी होती, शहरातल्या पोरांना कळावं म्हणून. आमच्या टेबलासमोर एक लांब लाकूड स्क्रूने ठोकून त्याला पिवळे दिवे टांगले होते. पॉलिशखाली बारीक बारीक ओरखडे होते, शेकडो, सगळे एकाच बाजूला. कोंबड्यांच्या नखांचे. मी खालची पाटी वाचली.

जू. बैलांच्या मानेवर ठेवण्याचे लाकूड.

आमच्या पेठेत जोखड फक्त निबंधात असायचं, तेही पारतंत्र्याचं. त्याला जू म्हणतात, ते दिसतं कसं, हे मला कोणी दाखवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. बैल विकल्यावर आत्यांनी घरातलं जू कोंबड्यांच्या झोपेसाठी आडवं टाकलं होतं. दवाखान्यातून येऊन त्यांनी खिडकीतून पाहिलं तर ते जागेवर नव्हतं. कोंबड्या खोक्यात का झोपतात, अंडी का घाण होतात, काय करायला हवं, हे सगळं त्यांनी पहिल्या दिवसापासून एका शब्दात सांगितलं होतं. हात उंच करून जागासुद्धा दाखवली होती.

मी नवऱ्याला विचारलं, याला काय म्हणतात. त्याने वर बघितलं. जू, असं म्हणताना त्याचा आवाज मध्येच थांबला. आई जू जू म्हणते हे त्याला माहीत होतं, पण तो घरी येईपर्यंत आमचा अर्थ लावून झालेला असायचा, आणि तो थकलेला असायचा. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. "अहो, ते काढायला सांगा," मी म्हटलं. मित्र आधी हसला, म्हणाला वहिनी, वायरिंग केलंय त्यात. मी जेवण तसंच ठेवून उठून उभी राहिले तेव्हा त्याने माणूस बोलावला.

दुसऱ्या दिवशी नवरा यार्डात गेला नाही. त्याने पाइप काढून फेकला आणि भोकं पडलेलं जू परत खुंट्यांवर चढवलं. मी खोक्यांत नवा पेंढा भरला, दिवस कलायच्या आत गोणपाटं सोडली आणि अंधारून येताना कोंबड्या एकेक करून उचलून जुवावर ठेवल्या. पहिली डुगडुगली, मग तिने नखं रोवली. बाकीच्यांना फार सांगावं लागलं नाही.

आत जाऊन मी आत्यांच्या पलंगाशी बसले. म्हटलं, "आत्या, जू बसवलं. जागेवर बसवलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. हात उचलला नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते त्या आजारात तसंही गळायचं, त्यामुळे त्याचा अर्थ मी लावणार नाही. अर्थ लावायची माझी लायकी राहिली नव्हती.

चार-पाच दिवसांत खोकी स्वच्छ राहू लागली. कोरडं, खरखरीत अंडं मी त्यांच्या हातात दिलं. अंगठा सगळीकडून फिरला. त्यांनी अंडं खाल्लं, दुसऱ्या दिवशी परत खाल्लं. पण तो शब्द त्या पुन्हा बोलल्या नाहीत. भूक लागली तरी नाही, दुखलं तरी नाही. सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, आणि दुसरं काही सांगायला शब्द नव्हता. एवढ्या दिवसांच्या उपासाने त्या फार खाली गेल्या होत्या. थंडी सरता सरता गेल्या.

शेवटच्या अंघोळीला भावकीतल्या बायका जमल्या. आत्यांची जाऊ, ऐंशीच्या पुढची, पुढे झाली. बुचडा सोडायला तिने सवयीने मानेखाली हात घातला आणि तो तिथेच राहिला.

"केस कुणी कापलं?" तिने विचारलं.

माझी नणंद हळूच म्हणाली, "उवा झाल्या व्हत्या म्हणं."

बायका किंचित मागे सरकल्या. जिचं अंडं कधी पुसावं लागलं नाही तिच्याबद्दल हे. माझ्या माहेरच्या घराण्यात कधीकाळी विधवांचे केस उतरवत, त्याच्याविरुद्धची भाषणं ऐकत मी वाढले आहे. मला गप्प बसवलं नाही.

"उवा नव्हत्या," मी म्हटलं. "त्या जू म्हणत होत्या. खुराड्यातलं जू. आम्हाला कळलं नाही."

म्हातारीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं.

"जू कळलं न्हाई?" ती म्हणाली.

तिने तांब्या भरला आणि आत्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. ते कुठे अडलं नाही, सरळ खाली गेलं.