स्वयंपाकखोलीत बसवलेली मुलगी

तिसगावपासून आत, पाच-सहा किलोमीटरवरच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी शिक्षक होतो. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्या वर्षी चौथीत अकरा मुलं होती. दहांना वाचता येत होतं. अकरावी मुलगी ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची. दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर कोल्हारकडच्या फडावर जायची आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परतायची.

"बाहेर जाते, म्हणून कच्ची राहिली," असं मी सगळ्यांना सांगायचो. ते निम्मंच खरं होतं. दुसरीपासून ती माझ्याच वर्गात होती आणि एकदाही मी तिला शेजारी घेऊन बसलो नव्हतो. ऑनलाइन माहिती भरणं, मतदारयाद्या, आहाराच्या नोंदी, ही कामं होतीच. पण पाथर्डीच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलाला मी रोज संध्याकाळी तासभर शिकवत होतो. त्याच्यासाठी वेळ निघत होता.

पाडवा होऊन आठवडा झाला असेल. निरोप आला, उद्या तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब वाचन तपासायला येणार. सोबतचे शिक्षक प्रशिक्षणाला गेलेले. सकाळी मी त्या मुलीला बाजूला घेतलं.

"आज तू मावशींना मदत कर, स्वयंपाकखोलीत बस."

मावशी म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई.

"मला वाचता येत न्हाई म्हनून का, सर?"

"तसं नाही गं. त्यांना आज काम जास्त आहे."

ती गेली. हजेरीत मी तिला गैरहजर मांडलं.

दहाही मुलांनी धडा घडाघडा वाचला. साहेब खूश झाले आणि म्हणाले, "चला, खिचडी बघू." त्यांना अडवायला मला काही सुचलं नाही. मी मागोमाग गेलो. ती खाली बसून ताटल्या पुसत होती. फडावरून आल्यापासून ती साध्या फ्रॉकवरच यायची, त्यामुळं गणवेशही अंगावर नव्हता.

"तू कोण गं? शाळेत नाही जात?" साहेबांनी विचारलं.

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं.

"न्हाई. मावशीकडं पाव्हनी आलेय."

मावशींचा हात पातेल्यातच थांबला. साहेब माझ्याकडं वळले. "गुरुजी, शाळाबाह्य दिसतेय पोरगी. हिचं नाव घालून घ्या."

"हो सर," मी म्हणालो.

गाडी गेल्यावर मुलं जेवायला बसली. तीही नेहमीसारखी रांगेत बसली. वाढता वाढता मावशी माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "सर, लेकराला खोटं बोलाया लावलं तुमी."

"मी नव्हतं सांगितलं तिला."

"व्हय, तेच म्हनते. सांगावं पन लागलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्या खुर्चीशेजारी बसवलं. तिला बरीच अक्षरं येत होती, फक्त जोडता येत नव्हती. कुणी दाखवलंच नव्हतं. वर्ष संपेपर्यंत आणि सुटीतही काही दिवस सकाळची ती येत राहिली. शेवटी बोट ठेवून, अडखळत, ती एक ओळ वाचू लागली. तीन वर्षं मी ज्यासाठी वेळ नाही म्हणत होतो, ते काम जेमतेम दीड महिन्याचं होतं.

साहेबांना मी खरं कधीच सांगितलं नाही. शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं, ते मी दोन्ही हातांनी घेतलं. ती पाचवीला शेजारच्या गावी गेली आणि पुढं माझीही बदली झाली.

मागल्या वर्षी तिसगावच्या बाजारात ती दिसली. उंच झालेली, सोबत एक मैत्रीण. मला बघून धावत आली, पाया पडली आणि मैत्रिणीला म्हणाली, "हे माझे सर. यांनीच मला वाचायला शिकवलं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. मी मान हलवली, आईबाप बरे आहेत ना म्हणून विचारलं आणि गर्दीत निघून गेलो.