डावीकडून पुढे आलेला हात

अर्जदार: मी स्वतः, बेळगावच्या कचेरीसमोरचा अर्जनवीस, वय बावन्न. घटनेचा दिवस: गेला सोमवार. साक्षीदार: वडगावची एक विणकर आक्का.

सदर आक्का पेन्शनचा कागद घेऊन माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूस उभी होती. कागद डावीकडूनच द्यायचा, हा नियम माझाच आहे. मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

"कवापासनं हात पुढं करून उभी हाय, अण्णा! लई मोठं सायब झालासा व्हय?"

बाकावरची मंडळी हसली. मला हसू आले नाही, कारण तो हात मला खरोखरच दिसला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची गेलेली नजर परत येत नाही, दरवर्षी तपासणी केली असती तर वेळीच कळले असते, असे ते म्हणाले. उचगावात नेत्रशिबिर व्हावे म्हणून गावकऱ्यांचा अर्ज मीच लिहिला होता. शिबिराच्या रांगेत उभे राहणे मात्र मला कमीपणाचे वाटले. समोरचे अक्षर स्वच्छ दिसत असताना डोळ्यांना काय होणार, अशी माझी समजूत होती.

आता रोज सकाळी उजवा डोळा झाकतो, डाव्या हाताचे बोट समोरून कडेला नेत ते कुठे नाहीसे होते ते पाहतो आणि धास्तावतो.

सबब डॉक्टरसाहेबांस नम्र विनंती की, थेंब नेमाने घालीन, सांगाल त्या दिवशी तपासणीस हजर राहीन. परंतु उरलेली नजर माझ्या लिहिण्याला पुरेल काय, एवढ्याचे उत्तर मिळावे.