चपलांच्या कपाटावरचा बुद्ध

जळगावच्या आमच्या हॉलचं काम निघालं तेव्हा नवरा धुळ्याला नोकरीला होता. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या बसने जायचा. त्यामुळे सुतार, रंगारी, पीओपीवाले माझ्या वाट्याला आणि निर्णय मात्र सगळे त्याचे. इंटिरियर करणारा तरुण त्याला मोबाइलवर फोटो पाठवायचा, हा तिकडून अंगठा पाठवायचा.

एक दिवस शाळेतून आले तर खिडकीतला कूलर काढलेला. बाहेरून बरा दिसत नाही म्हणे. एप्रिल चालू होता. जळगावात एप्रिलमध्ये कूलर काढणाऱ्याला काय म्हणावं, मला सुचेना. मग छत खाली आलं, पंखा गेला, भिंती राखाडी झाल्या. पांढरा सोफा आला. तो मी रोज संध्याकाळी झटकायची आणि रोज तो धुळीने भरायचा. तक्रार केली की नवरा फोनवर एकच सांगायचा, आधी पूर्ण होऊ दे, मग बोल.

मीही शहाणी नव्हतेच. त्या तरुणाने लॅपटॉपवर पूर्ण हॉलचं चित्र दाखवलं तेव्हा मी पेपर तपासत होते. मान वर करून पाहिलं न पाहिलं आणि ठीक आहे म्हटलं.

जुन्या भिंतीवर ध्यानस्थ बुद्धांची मोठी तसबीर होती. सासूबाईंनी दिलेली. रोज सकाळी आम्ही तिच्यासमोर वंदना म्हणायचो. रंगासाठी म्हणून त्या तरुणाने ती उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळून आतल्या कपाटावर ठेवली. रंग वाळून आठवडा झाला तरी ती तिथेच. विचारलं तर म्हणाला, ती भिंत मोकळीच ठेवायची, तोच तर मॉडर्न लूक. मी चिडले, पण आधी पूर्ण होऊ दे, म्हणून सोडून दिलं.

काम संपलं त्याच दिवशी सासूबाई आल्या. त्या धुळ्याजवळच्या खेड्यात राहतात. त्यांना आम्ही आक्का म्हणतो. शाळा सुटल्यावर मी त्यांना स्टँडवरून घेतलं आणि दोघी घरी आलो. दार उघडलं. दारालगत चपलांचं नवं कपाट आणि बरोबर त्याच्यावर, भिंतीतल्या कोनाड्यात, बुद्धांचं नुसतं मस्तक. मागून पिवळा दिवा. सकाळपर्यंत तो कोनाडा रिकामा होता; लॅपटॉपवरच्या चित्रात मात्र हे असणार.

आक्कांनी सवयीने हात जोडले, वाकल्या, आणि समोर आमच्या चपला. त्या झटकन मागे सरल्या. आपल्या चपला त्यांनी बाहेर उन्हातच काढल्या. आत येऊन पाणी प्यायल्या आणि मग हळूच म्हणाल्या,

"नुसतं डोकंच शे. बाकीनं आंग कोठे शे?"

बाकीचं अंग कुठे आहे, ते विचारायला मी लगेच त्या तरुणाला फोन लावला.

"मॅडम, दारात बुद्धा फेस सगळेच लावतात. शांत वाटतं."

"आमच्याकडे तो शोपीस नसतो. आम्ही रोज वंदना करतो. तीन महिने घरात वावरलात, उतरवलेली तसबीर कुणाची, ते पाहिलं नाहीत?"

तो गडबडला. माफी मागितली, पण कोनाडा काढला तर पॅनल खराब होईल, हेही लगेच सांगितलं. मग नवऱ्याला फोन. त्याचं म्हणणं, चपलांचं कपाट सरकव, विषय संपला. मी त्याला एवढंच सांगितलं की तुझी आई चपला बाहेर काढून आत आली आहे. मग तो म्हणाला, काढून टाक.

दुसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावून पॅनल कापायला लावलं. मस्तक त्या तरुणाने परत नेलं. दुसऱ्या कामात बसवतो म्हणाला. मोकळ्या ठेवायच्या भिंतीत मीच ड्रिल मारून घेतलं आणि आक्कांनी तसबीर पुसून दिली.

महिनाभराने तो तरुण कॅमेरा घेऊन आला. आपल्या पेजवर टाकायला हॉलचे फोटो हवे होते. तसबीर अर्धा तास उतरवता येईल का, असं त्याने फार नम्रपणे विचारलं. मी म्हटलं, येणार नाही. त्याने वाद घातला नाही. सोफ्याचे फोटो काढले, छताचे काढले, पडद्यांचे काढले. ती भिंत एकाही फोटोत नाही.